शेंदराखालचं तोंड

मेंढरं राखणाऱ्या मथाबाईचा फोन आला तेव्हा मी डाळ निवडत होते. “मास्तरीणबाई, दगडाचा शेंदूर गळला. तोंड दिसायलंय.” मी तशीच वळून म्हणाले, “अहो, ऐकलंत का...” खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. हे जाऊन महिनाही झाला नव्हता.

शिरूर कासारला ह्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. पण व्याकरणापेक्षा जीव शब्दांच्या कुळकथांवर. घास हातात धरून सांगायचे, विंडो म्हणजे मुळात वाऱ्याचा डोळा. सॅड म्हणजे फार पूर्वी पोट भरलेला, तृप्त. उदास तो नंतर झाला. मी म्हणायचे, “मग जेवून सॅड व्हा एकदाचे, भांडी पडलीत.” हसायचे. चष्मा मात्र स्वतः कधी पुसला नाही, ते काम माझ्या पदराचं.

रविवारी चहा झाला की गावाबाहेरच्या वीरगळाकडे निघायचे. गुरं राखताना लढून पडलेल्या कुणा वीराचा तो जुना दगड. पण धनगरांच्या पिढ्यांनी तेल-शेंदूर चढवून त्याचा नुसता शेंदरी गोळा करून टाकलेला. “मॉन्युमेंट म्हणजे आठवण करून देणारा,” हे म्हणायचे, “पण कुणाची, ते कळायला तोंड तर दिसायला हवं?” एकदा मऊ ब्रश घेऊन गेले, तर मेंढरं सोडून मथाबाई आडवी आली. तो दगड ती आपला पूर्वज मानते. “मास्तर, बाप हाय त्यो आमचा. बापाचं कातडं कुनी सोलतं व्हय?” हे तसेच परतले, त्या दिवशी नीट जेवलेही नाहीत. पण रविवार चुकवला नाही. पुढे पुढे दोघं दगडाशेजारी बसून चहा प्यायची आणि त्याच गोष्टीवरून वाद घालायची.

बीडच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ह्यांची वाचा जवळपास गेली होती. शब्दांवर जगलेला माणूस पाण्यासाठी बोट दाखवायचा... मला ते बघवत नसे. एका संध्याकाळी मोठ्या कष्टाने एवढंच म्हणाले, “तोंड... बघायचं राहिलं.” तेच ह्यांचे शेवटचे शब्द.

फोन आला त्याच दुपारी मी रिक्षा करून गेले. पर्समध्ये ह्यांचा चष्मा टाकला होता, का ते सांगता येणार नाही. दगडाच्या पायाशी शेंदराची जाड खपली पडली होती. वीराचं नाक झिजलेलं, गाल भरलेले, मिशीसुद्धा नाही. इतका कोवळा असेल असं आम्हा कुणालाच वाटलं नव्हतं. घरी गेल्यावर सांगायचं म्हणून मी एकेक गोष्ट बघत राहिले. सांगायचं कुणाला?

मथाबाई म्हणाली, “उगडा पडलाय, लई जीव तुटतो. पर तुमी येस्तवर हात लावला न्हाई. मास्तरांचं बगायचं राहिलं, तुमी तरी बगा.” मग तेल-शेंदराची वाटी उचलून तिने विचारलं, “लावू का आता?”

हे असते तर नको म्हणाले असते. पण त्या उघड्या चेहऱ्याकडे बघताना मला ह्यांच्यावर चादर ओढली ती सकाळ आठवली. मीच तिच्या वाटीत बोटं बुडवली. पहिलं बोट कपाळाला लावलं, मग डोळ्यांवरून अगदी हलक्या हाताने फिरवलं. दोघी रडलो.

घरी येऊन चष्मा पर्समधून काढला आणि खिडकीत ठेवला. काचेवर माझ्या बोटाचा शेंदरी ठसा उमटलाय. रोज सकाळी पदर हातात घेते... आणि सोडून देते.