दुपारी तीनची बेल

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मानसोपचार तज्ज्ञाच्या नावे चिठ्ठी दिली, तेव्हा मी विचारलं, "म्हणजे थेट येरवडा?"

"नाही हो, नारायण पेठेतच. चालत जा," ते म्हणाले.

मी निवृत्त गणित शिक्षक. तपासणी म्हणजे परीक्षा, अशा समजुतीने आठवडाभर तयारी केली. तारीख, वार, शंभरातून सात-सात वजा करणं, सगळं घोकलं. बायको गेल्यापासून झोप उडाली होती, तेवढी गोळी मागायची. एकटेपणाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हे पक्कं ठरवलं होतं.

डॉक्टर माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. खोलीत टेबल आणि दोन खुर्च्या, बाकी फारसं काही नाही. तिने झोप, भूक, चालू औषधं, दारू, घराण्यात कोणाला असा त्रास, हे विचारलं. जगू नये असं वाटतं का, हेही तितक्याच सरळपणे.

"नाही. पण उठून करायचं काय, ते कळत नाही."

वजाबाकी तिने विचारलीच नाही. मला चक्क राग आला.

"काका, घरी कोण येतं?"

"दूधवाला. तोही पिशवी कडीला अडकवून जातो."

ती हसली नाही. लिहूनही घेतलं नाही. नुसती थांबली, आणि तिथेच माझी पंचाईत झाली.

"दारावर पाटी होती," मी म्हणालो. "दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. बायकोला जरा पडता यावं म्हणून मीच लावलेली. कोणी वाजवलीच तर दारातच झापायचो. ती गेल्यावर दोन महिन्यांनी काढून टाकली."

"का काढली?"

"वाटलं, कोणीतरी वाजवेल."

मी चष्मा काढून डोळे पुसायला लागलो. मला इतकं एकटं वाटतं, हे तोवर मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि माझं होईपर्यंत घड्याळाकडे पाहिलं नाही.

गोळीचं पुढच्या भेटीत ठरवू, म्हणाली. त्याआधी त्यांच्याकडच्या समुपदेशक बाई घरी येऊन बोलतील. "गुरुवारी तीनला चालेल? की तुमची झोपायची वेळ असते?"

"चालेल," मी म्हणालो. दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

"त्यांना बेल वाजवायला सांगा. येतील ना नक्की?"