दौंडला यान पडले त्याची चौकशी

२००४ सालच्या अधिक श्रावणात, एका रविवारी दुपारी सव्वातीनच्या सुमारास, दौंड येथे माझ्या सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत एक अवकाशयान पडले. त्याच क्षणी दुसरे यान समोरच्या वाळूच्या ढिगात घुसले. जीवितहानी झाली नाही. दोन्ही घटनांत मिळून एक जण किरकोळ जखमी झाला. तो जखमी मी.

त्या वेळी मी शिरूरला एका दैनिकाचा वार्ताहर होतो. सासरे दौंडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिन ड्रायव्हर. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा आणि मी चार महिने एकमेकांशी थेट बोललो नव्हतो. दोष माझा होता. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात एका मालगाडीची वाघीण रुळावरून घसरली. (मालाच्या डब्याला रेल्वेत वाघीण म्हणतात. वाचकांनी घाबरू नये.) दौंडचा वार्ताहर रजेवर होता, म्हणून ती बातमी मी शिरूरहून फोनवर मिळवली आणि लिहिली, ‘चालकाच्या चुकीमुळे अपघात झाल्याचे समजते.’ चालकाचे नाव विचारायचे राहिले. ते दुसऱ्या दिवशी सकाळी घरातच समजले. बायकोने पेपर उघडला, बातमी वाचली आणि म्हणाली, “अहो, हे आबा आहेत.”

पुढे रीतसर चौकशी झाली. वाघिणीची स्प्रिंग तुटली होती. आबा निर्दोष सुटले आणि निवृत्त झाले. ते मी छापले नाही. अपघात ही बातमी असते, स्प्रिंग ही बातमी नसते, असे मला त्या काळी वाटत असे.

तेव्हापासून आबा माझ्याशी तिसऱ्याच्या मार्फत बोलत. “जावयाला इचारा, पानी पायजे का.” मी समोर बसलेला असे. सासूबाई विचारत, मी हो म्हणे, सासूबाई तेवढेच शब्द आबांना परत सांगत. पाणी येईपर्यंत तहान जात असे!

अशा परिस्थितीत अधिक महिना आला. लग्नानंतरचा पहिलाच. आमच्याकडे या महिन्यात जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावतात. पुरण भरलेले धोंडे, त्यावर तूप, नवे कपडे आणि तेहतीस अनारशांचे वाण. रुसवा असला तरी धोंडा चुकवता येत नाही. एसटीत सुषमाने, म्हणजे बायकोने, मला एकच अट घातली.

“आज कुणाचीही चूक काढायची नाही.”

“मी कधी काढतो?”

“लग्नात भटजींची तिथी दुरुस्त केली होती.”

“ती चुकलेली होती.”

“हे असंच. आज हे नाही करायचं. आबा तुमच्याशी नीट बोलले, तरच मी परत शिरूरला येणार. नाहीतर तुम्ही एकटे जा.”

मी कबूल झालो. जेवण शांततेत पार पडले. मी नऊ धोंडे खाल्ले (सुषमाच्या मते अकरा). नवा पांढरा शर्ट अंगात घातला. सासूबाईंनी अनारशांचा स्टीलचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि त्या दोघी आवरायला स्वयंपाकघरात गेल्या. बैठकीत उरलो मी, आबा आणि एकवीस इंची रंगीत टीव्ही. टीव्हीवर हिंदीत डब केलेला अवकाशातल्या लढाईचा सिनेमा लागला होता.

पहिली दहा मिनिटे मी गप्प होतो. याची नोंद व्हावी. मग पडद्यावर एक यान पंख वाकडे करून, घारीसारखे कलत वळले आणि माझ्या तोंडून गेले, “हवाच नाही, तर पंख कशाला?”

अट कुणाचीही चूक न काढण्याची होती. सिनेमावाले तिच्यात येत नाहीत, असा अर्थ मी लावला.

आबांनी मान वळवली. माझ्याकडे! चार महिन्यांत पहिल्यांदा.

“आन् हेडलाईट कुठंय?” ते म्हणाले. “एवढा मिट्ट काळोख, आन् ह्यो बिगर लाईटचा चाललाय.”

“आवाजही यायला नको. पोकळीत आवाज जात नाही.”

“हॉर्न न्हाई, शिग्नल न्हाई. समोरनं दुसरी गाडी आली तर?”

“शिवाय इंधन कुठे ठेवलंय?”

“व्हय की! आमचं डिझेल मनमाडपतूर पुरंल का याची काळजी. ह्यो निघाला तसा एकदाबी भराय थांबला न्हाई.”

पुढची वीस मिनिटे माझ्या वैवाहिक आयुष्यातली सर्वांत सुखाची होती. सासरा आणि जावई खांद्याला खांदा लावून एका यानावर तुटून पडलो होतो. स्वयंपाकघराच्या दारातून सुषमा दोनदा डोकावून गेली. दुसऱ्यांदा हसली.

इतक्यात समोरच्या घरातले रहीमभाई आले. ते निवृत्त गार्ड. आबा पुढे आणि रहीमभाई मागे, अशी दोघांची उमर एकाच गाडीच्या दोन टोकांना गेली होती. त्यांनी उभ्यानेच पाच मिनिटे सिनेमा पाहिला.

“आबा, इसमें गार्ड किधर बैठता?”

“न्हाईच गार्ड.”

“गार्डच न्हाई?” रहीमभाई मटकन बसले. “फिर मारेंगेच ना उसको पीछेसे!”

खरोखरच त्या यानावर मागून मारा चालू होता. तो चुकवायला ते वेगात असताना जागच्या जागी थांबले. आणि आमची युती तिथे मोडली.

“खोटं,” आबा म्हणाले. “थांबायचं न्हाई ते. आमच्या जुन्या गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असायचा. पायपात व्हॅक्यूम असला की ब्रेक सुटलेला. हवा शिरली की ब्रेक लागला. आता तिकडं वर हवा हाय का?”

“नाही.”

“मग ब्रेक कायमचा सुटलेला! ती गाडी जन्मात थांबायची न्हाई.”

यावर मान डोलवायला हवी होती. मी म्हणालो, “तसं नाही आबा. समोर काहीतरी जोरात फेकलं, की यान मागे ढकललं जातं. तोच ब्रेक.”

“फेकून गाडी थांबती?” आबांचा आवाज चढला. “पस्तीस वरसं गाडी थांबवलीय मी. चाक घसराय लागलं की रुळावर वाळू सोडायची, तवा पकड येती. वाळूची पेटी असती इंजनाला. तुमच्या यानात वाळू कुठंय?”

“वाळू लागतच नाही.”

“वाळूबिगर थांबून दावा.”

येथे प्रयोगाचा निर्णय झाला. पाण्याचे पिंप हलवायला आबांनी स्वतः एक फळी केली होती, खाली चार बेअरिंग लावलेली. ती घरापुढच्या ओट्यावर आणली. ओट्याला गुळगुळीत शहाबादी फरशी. मी फळीवर मांडी घालून, दाराकडे तोंड करून बसायचे. हातातली वस्तू पुढे फेकायची. मी मागे सरकलो तर माझे खरे, नाही सरकलो तर आबांचे.

“फेकायला काय घेऊ? वीट?”

“अवकाशात वीट कुठनं आनशील?” चार महिन्यांनंतरची बोलणी इतकी रंगात आली होती, की आबा अहो-जाहो विसरले. “गाडीत जो माल आसंल त्योच फेकावा लागंल.”

गाडीत अनारसे होते.

डबा मी हळू फेकायचा आणि आबांनी दारात उभे राहून झेलायचा, असे ठरले. म्हणजे वाणाचा अपमान होणार नव्हता. मी वीतभर मागे सरकेन, असे माझे गणित होते. रहीमभाई घरी जाऊन शिट्टी आणि हिरवी झेंडी घेऊन आले. गार्डशिवाय गाडी सोडायला दोघांचाही विरोध होता.

माझ्या मागे दीड हात ओटा होता. त्यानंतर स्कूटर चढवायचा सिमेंटचा उतार, उघडे फाटक आणि गल्ली. हे गणितात नव्हते.

रहीमभाईंनी शिट्टी फुंकली. झेंडी हलवली. मी डबा फेकला.

नेमके त्याच क्षणी टीव्हीतल्या यानाने इंजिन चालू केले. घर हादरेल असा आवाज झाला. पोकळीत जो आवाज होऊच शकत नाही असे मी अर्ध्या तासापूर्वी सिद्ध केले होते, तो आवाज ऐकून आबांनी मागे वळून पाहिले.

डबा त्यांच्या कानाजवळून आत गेला. अर्धा तास शत्रूचा तोफखाना ज्या यानाला ओरखडा काढू शकला नव्हता, ते तेहतीस अनारशांनी पाडले. टीव्हीत ठप्प असा आवाज झाला आणि पडद्यावर एक पांढरी आडवी रेघ उरली.

हे मला नंतर सांगण्यात आले. मी तोपर्यंत निघालो होतो. वीतभर सरकलो, हे बरोबर. मग हातभर. मग फळीची मागची बेअरिंग उताराला लागली.

“रोको!” रहीमभाई ओरडले आणि घाईघाईने पुन्हा हिरवीच झेंडी दाखवली. लाल आणायला ते विसरले होते.

मी उलटा फाटकातून गेलो. उलटी गल्ली ओलांडली. शेजारणीने नंतर सांगितल्याप्रमाणे, मी जाता जाता तिला नमस्कार केला. (हात कुठे ठेवावेत हे सुचत नव्हते.) रहीमभाईंनी नवी खोली बांधायला काढली होती. तिच्यासाठी आणलेली भीमेची ओली वाळू दारात पडली होती. त्या ढिगात मी कंबरेपर्यंत घुसलो आणि थांबलो. जागच्या जागी.

आबा धावत आले. माझी हाडे तपासली. डोळ्यांतली वाळू स्वतःच्या उपरण्याने पुसली. मग म्हणाले, “म्हणलं न्हवतं? वाळू लागती.”

मागून सुषमा आली. तिने नव्या शर्टाकडे पाहिले आणि एवढेच विचारले, “कुणाची चूक काढली?”

माझी अंघोळ झाल्यावर आबांनी चष्मा लावला, फुलस्केप कागद घेतला आणि चौकशी सुरू केली. रेल्वेत अपघात झाला की जबाब घेतात. घरात झाला तरी घ्यायचे, असे त्यांचे म्हणणे पडले.

पहिला जबाब रहीमभाईंचा. “मागं बघितलं व्हतं का?”

“मैं गार्ड, मेरी जिंदगी गई पीछे देखने में. लेकिन ये गाडी उल्टी दौडी. मेरा पीछे उसका आगे हो गया. मैं किधर देखूं?”

दुसरा जबाब सासूबाईंचा. “माझा काय जबाब! टीव्हीखालनं अनारसं येचतीय मी. येकतीस घावलं. त्यातलं धड चार.”

माझा जबाब घेतला नाही. आबांनी थोडा वेळ लिहिले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. ‘चालकाच्या चुकीमुळे अपघात झाल्याचे समजते. सही करा.’

“ही काय चौकशी झाली?” मी उसळलो. “तुम्ही डबा झेलायच्या वेळी टीव्ही बघत होता. रहीमभाईंनी फाटक उघडं ठेवलं. उतार तुमचा, फळी तुमची. मला एक प्रश्नही विचारला नाही आणि सरळ चालकाची चूक? आणि ‘समजते’ म्हणजे काय? कुणाला समजते?”

आबांनी चष्मा काढला.

“ह्येच,” ते म्हणाले. “चार म्हैनं मी ह्येच इचारतोय.”

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. रहीमभाई झेंडीची घडी घालू लागले. ती घडी त्यांनी तीनदा घातली.

मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला दुरुस्ती लिहायला घेतली. ‘त्या अपघातात चालकाचा दोष नव्हता, असे कळते.’ आबा खांद्यावरून वाचत होते.

“‘कळते’ खोडा. चौकशीत सिद्ध झालंय.”

मी खोडले.

“आन् स्प्रिंग लिवा. स्प्रिंग तुटली व्हती.”

मी स्प्रिंग लिहिली.

मग आबा थेट माझ्याकडे पाहून म्हणाले, “जावईबापू, च्या घ्येनार का?” सासूबाई सवयीने मला विचारायला पुढे झाल्या, पण मी आधीच हो म्हणालो होतो.

सुषमा त्याच संध्याकाळी माझ्याबरोबर शिरूरला आली. टीव्ही मी दुरुस्त करून दिला. उरलेले दोन अनारसे मेकॅनिकला टीव्हीच्या मागे सापडले.

मूळ बातमी पहिल्या पानावर होती. दुरुस्ती आठ दिवसांनी चौथ्या पानावर, तीन ओळींत छापून आली. आबांनी ती कापून चौकशीच्या फुलस्केप कागदावर चिकटवली आणि तो कागद टीव्हीवरच्या भिंतीला फ्रेम करून लावला. त्यावर लाल शाईत शेरा आहे : ‘चौकशी पूर्ण.’ खाली दोन सह्या आहेत. चौकशी अधिकारी म्हणून आबांची आणि दोषी चालक म्हणून माझी.