पीआरची फाईल आणि दुबईचं तिकीट

घरात लग्न निघालं की किस्से होतातच, पण परदेशात कायमचं राहायला जायचा अर्ज निघाला की विचारूच नका! माझा नवरा अमोल कॅनडात, त्याला तिथला पीआर मिळालेला. मी लग्नानंतर इथं बजाजनगरला सासू-सासऱ्यांकडे, आणि बायको म्हणून माझ्या पीआरची फाईल चालू. फाईल काही हलत नव्हती, किस्से मात्र साठत गेले. हल्ली मैत्रिणी भेटल्या की "व्हिसा आला का?" असं विचारतच नाहीत. "नवीन काय झालं?" असं विचारतात!

*

पहिला फोटोंचा. आमचे कन्सल्टंट म्हणजे शेख सर, सिडकोत ऑफिस. मी लग्नाचा जाडजूड अल्बम त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो शांतपणे शेवटच्या पानापर्यंत चाळला. प्रत्येक फोटोत आम्हा दोघांच्या मध्ये कुणी ना कुणी उभं. मामा, आत्या, अमोलचे मित्र, एका फोटोत तर चक्क केटरर!

"मॅडम, शादी का सबूत तो फुल है," शेख सर म्हणाले. "मियाँ-बीवी का किधर है?"

घरी येऊन सांगितलं की फक्त दोघांचे फोटो लागतात. सासूबाईंना ते काही पटेना.

"आमचा दोघांचाच असा एक बी फोटो नाय," त्या म्हणाल्या, "अन् दोन पोरं झाली!"

सासऱ्यांनी हातातला पेपर आणखी वर धरला.

*

मग व्हॉट्सअॅपची चॅट मागितली. नातं खरं आहे हे त्यातून कळतं म्हणे. प्रिंट काढली तर पानंच्या पानं एकच मजकूर. "जेवलीस?" "हो. तू?" "हो."

शेख सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम लोगां झगडते नहीं क्या? झगडा असली लगता."

मी तिथूनच अमोलला मेसेज टाकला, "आपल्याला भांडायचंय."

"कशावरून?"

"काहीतरी काढ ना!"

"तूच काढ."

"नेहमी मीच काढायचं का?"

तिथून जे पेटलं ते दोन दिवस विझलं नाही! माझ्या माहेरच्या मानपानापासून त्याच्या न धुतलेल्या मोज्यांपर्यंत सगळं निघालं. शेख सरांनी त्याची प्रिंट फाईलमध्ये सगळ्यात वर लावली.

*

पोलीस व्हेरिफिकेशनला साध्या कपड्यातले एक हवालदार आले. आम्ही घरी नव्हतो, म्हणून त्यांनी शेजारच्या मंदाकाकूंना विचारलं, "ही मुलगी कशी आहे?" काकूंना वाटलं, पाहुणे स्थळाची चौकशी करायला आलेत.

"लई गुणाची हो! पण उशीर केला तुम्ही, लग्न झालं तिचं. माझी भाची हाय फुलंब्रीला, बीएस्सी झाली. बसा, चहा टाकते!"

हवालदार बसले. चहा घेतला, पोहे खाल्ले. निघताना म्हणाले, "ताई, मी पोलिसातला माणूस, चौकशीला आलो होतो. पण मुलगा आहे माझा लग्नाचा."

माझं सर्टिफिकेट वेळेत मिळालं. त्यांची बोलणी अजून चालू आहेत.

*

हसायला सगळं ठीक, पण खरं सांगते, अमोलची मला फार आठवण यायची. लग्नानंतर महिन्याच्या आत गेला तो गेलाच. मध्यंतरी त्याला आठवडाभर सुट्टी मिळाली. घरी आला असता तर निम्मी सुट्टी नातेवाइकांच्या जेवणावळीतच गेली असती, म्हणून तो म्हणाला, दुबईला भेटू. मी तर मनाने कधीच विमानात बसले!

शेख सर म्हणाले, जाता येतं. फक्त नेमका तेव्हाच व्हिसासाठी पासपोर्ट मागवला, तर काम लांबतं.

सासऱ्यांनी तेवढं शेवटचं वाक्य धरलं. "फाईल चालू असताना हलायचं नाय! स्टँडवर गाडी लागायच्या टायमाला कुणी चहाला जातं का?"

"तुमच्या त्या कॅनडावाल्यांना हिच्या तिकिटाचाच मुहूर्त सापडणारे का?" सासूबाई.

मग रोजचा कार्यक्रम सुरू झाला. सासूबाई माळ्यावरून सुटकेस काढायच्या, सासरे ती परत वर टाकायचे. दोघंही एकमेकांशी एक शब्द बोलायचे नाहीत! मी खाली स्टूल धरून उभी, दोन्ही वेळेला.

*

शेवटी रविवारी अमोलचा फोन आला. सासूबाई गवार मोडत बसल्या होत्या, फोन स्पीकरवर. सासऱ्यांनी त्याला आधीच पटवून ठेवलेलं.

"आई, बाबांचं बरोबर आहे," अमोल म्हणाला. "थोडे महिने कळ काढू. पीआर आला की ती येईलच ना इकडं, कायमची."

मला एकदम रडूच यायला लागलं. सासऱ्यांनी "बघा, मी म्हणत नव्हतो?" अशा नजरेनं सगळ्यांकडं पाहिलं.

"व्हय रे, कायमची," सासूबाई म्हणाल्या. गवार मोडायची काही थांबली नव्हती. "म्हणून तर म्हणते, त्याच्या आधी एकदा जाऊन परत येऊ दे तिला. तुझ्या येळेला मी मुंबईला एअरपोर्टवर आले, ती नुसती सोडायला. एकदा तरी मला कुणाला आणायला जायचंय."

 

सासरे उठले, कपाटातून लॅपटॉप काढला आणि माझ्यापुढं ठेवला.

"काढ तिकीट," ते म्हणाले. "रिटर्नचंच काढ."