मंडईच्या दिवशीची चूल

हर्षाने मानवशास्त्रात एम.ए. केलं तेव्हा कामठ्यात सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि मग विचारलं, "याचं करतात काय?" तिचे वडील मनिराम सांगायचे, पोरगी माणसांचा अभ्यास करते. त्यावर चौकातून ठरलेलं उत्तर यायचं, "माणसं तर आमीबी रोज पाहूनच राहिलो, आमाले कोन पगार देते?"

हा प्रश्न हर्षालाही स्वस्थ बसू देत नव्हता. नागपुरात एका संग्रहालयात कंत्राटी काम झालं, मग एका संस्थेत वनहक्काच्या दाव्यांचं, मग नागझिऱ्याच्या अभयारण्यातल्या गाइड मुलांना शिकवायचं. पाय कुठेच टिकला नाही. घरात बी.एड. कर म्हणून धोशा. अशात नागपूरच्या एका कंपनीने तिला घेतलं. कंपनी कमी धुराची लोखंडी चूल बनवत होती, आणि बायका ती खरंच वापरतात का, हे त्यांच्या घरात बसून पाहणारं माणूस त्यांना हवं होतं. काम जमलं तर कायम, नाही तर नमस्कार.

थोड्या घरांत चुली देऊन झाल्या. वरिष्ठ गुंजन मॅडम स्वतः पाहायला येणार होत्या. हर्षाने जिल्ह्यातल्याच गोरेगावकडच्या आपल्या सख्ख्या सुलोचनामावशीचं घर निवडलं, आणि दिवस निवडला मंडईचा. दिवाळीनंतर तिकडे गावोगावी जत्रेसारखी मंडई भरते, घरोघरी पाव्हण्यांची रीघ, दिवसभर रांधणं. चुलीचा कस लागायला याहून चांगला दिवस कोणता? शिकलेल्यांचं डोकं असं चालतं! मंडईला पाव्हण्यांसमोर घरातलं उणं काढायचं नसतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. नेमकं दिवस निवडताना विसरली.

मावशीने नव्या चुलीवर चहा केला आणि चुलीचं तोंडभर कौतुक केलं. "धूर नाई, काई नाई. आमी तर याच्यावरच रांधून राहिलो." मॅडम खूश. हर्षाने चुलीकडे पाहिलं, तर ती आजच पहिल्यांदा पेटवल्यासारखी कोरी. परसात मातीच्या जुन्या चुलीवर भाताचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, रटरटत होता आणि त्याचा धूर ओसरीपर्यंत येत होता.

 हर्षा उगाच आत-बाहेर करू लागली. कोणी बस म्हटलं तर बसेना, चहा तसाच निवला. गप्प राहिली तर नोकरी पक्की. पण मग हीच चूल जिल्हाभर जाणार, आणि बायका धुरातच खोकत राहणार. शेवटी तिने मावशीला परसात गाठलं.

"मावशी, खरं सांग ना."

"खरं काऊन पाह्यजे तुले? लाकडं वीतभर तोडा लागते, हात गळून जाते. गंज ठेवला तं कलंडते. हे सांगू पाव्हणीले? तुई नोकरी जाईल ना!"

 हर्षा आत जाऊन म्हणाली, "मॅडम, जरा परसात या."

गुंजन मॅडम आल्या, पाट ओढून बसल्या आणि विचारत गेल्या. मावशीने सांगितलं सगळं, पण मान खाली घालून. दारात जमलेले सासरचे पाव्हणे ऐकत होते. एक नणंद तोंडाला पदर लावून हसली.

"हेच पाहायला तर आपण आलो होतो," मॅडम उठताना हर्षाला म्हणाल्या. "चूल बदलावी लागेल. आणि तू आता कायम."

हर्षा धावतच मावशीकडे गेली. आनंदाने तिला धड बोलताही येईना. मावशी कढईतले वडे काढत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"चांगलं झालं बाई," ती म्हणाली. "पण आता येशील तं दारातूनच सांगजो, भाची म्हणून आली का कंपनीची म्हणून. मंग मी तशी बोलीन."