पोरीला परत मागणं

माझी मुलगी मठात गेली. शाळेत शिकवणाऱ्या, दवाखान्यात काम करणाऱ्या सिस्टर असतात तशी नाही. आत गेलं की बाहेर येत नाहीत, दिवसभर मौन पाळतात, प्रार्थना करतात, असा मठ. भेटायला गेलं तर मधे लाकडी जाळी.

माझं माहेर पेणचं, सासर रोह्याचं. नवरा धाटावला कंपनीत होता, तो वारला. मुलगा नागोठण्याला नोकरीला, बायकापोरांसह तिथेच राहतो. मी घरी पापड लाटते. मुलगी शेजारी बसून लाट्या करून द्यायची. मठात जाणार हेही तिने लाट्या करता करताच सांगितलं. मी लाटणं ठेवलं नाही. पापड मात्र फाटला.

गल्लीत आमचं एकच घर ख्रिस्ती. गौरीला सगळ्यांच्या लेकी माहेरी येतात, रिक्षा दारापर्यंत येतात, पोरं ओरडतात. शेजारीण माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"आमी लेकी सासरी देतो गो, पण सणाला येतात तरी. तुझ्या देवाचं सासर लय कडक हाय."

"सासूच नाय तिथं, ते तरी बरं," मी म्हटलं. ती हसली. मीही हसले. मग घरात येऊन दार लावून घेतलं.

जाण्याआधी मुलगी मला तिची प्रार्थना शिकवून गेली होती. "आई, काही मागायचं नाही. देवासमोर नुसतं बसायचं. मन भटकलं की त्याचं नाव घ्यायचं आणि परत बसायचं."

"नुसती बसायला मी काय पाहुणी हाय?"

तरी बसू लागले. तीही त्या वेळेला बसलेली असणार, एवढ्यासाठीच. पण डोळे मिटले की उडदाचं पीठ आठवायचं, गॅस आठवायचा. आणि ते सगळं बाजूला सारलं की खाली एकच मागणं उरायचं: पोरीला परत पाठव. शेवटचं व्रत घेईपर्यंत मुलींना मठ सोडता येतो, हे मला ठाऊक होतं. तिला तिथे करमू नये, असं मी देवाला सरळ सांगायची. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे लहानपणापासून म्हणत आले, पण त्याची इच्छा माझ्यासारखीच असणार असं धरून.

शेवटच्या व्रताआधी भेटायला गेले. रोह्याहून गाडीने पनवेल, पुढे एसटीने घाटावर. जाळीपलीकडे ती येऊन बसली. वाळली होती. घरचं सगळं विचारून घेतलं.

"आई, मला भीती वाटते," ती म्हणाली. "आधी देवाजवळ बसलं की बरं वाटायचं. आता काहीच वाटत नाही. तू म्हणालीस तर मी घरी येते."

इतकी वर्षं जे मागत होते ते समोर आलं होतं. चल, पिशवी भर, शेवटची एसटी मिळेल, हे शब्द तोंडात तयार होते. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, लहानपणी ताप आल्यावर बघायची तशी. मी हो म्हटलं असतं तर ती आली असती. रोह्याच्या घरात माझ्यासमोर बसून लाट्या केल्या असत्या, आणि जन्मभर मला कळलं नसतं की ही खरोखर आली, की मी ओढून आणली.

"मला नको विचारू," मी म्हटलं. "ज्याच्यापाशी बसतेस त्याला विचार."

"तो काही बोलत नाही, आई."

"मग मी पण बोलणार नाय."

तिला हसू आलं, आणि रडूही. घंटा होईपर्यंत आम्ही तशाच बसलो. जाळीच्या भोकातून तिची दोन बोटं बाहेर आली होती, ती मी धरून ठेवली. पोरीजवळ मी एवढा वेळ न बोलता कधीच बसले नव्हते.

घरी आल्यावर प्रार्थनेला बसले तर मागायला काही सुचेना. पाठव म्हणावं तर तिचे डोळे आठवत. ठेवून घे म्हणायला जीभ वळत नव्हती. शेवटी म्हटलं, तूच बघ. तेवढंच म्हटलं आणि बसून राहिले. ऊन ओट्यावरून खाली उतरलं तरी उठले नाही.

पुढे मठातल्या मोठ्या सिस्टरचा फोन आला. मुलीने व्रत घेतलं होतं. ती आनंदात आहे, असं त्या म्हणाल्या.

"जेवते का?" मी विचारलं.

"हो, जेवते."

फोन ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. हुंदका आला तो येऊ दिला.

देवावर सोपवलं की मनाला शांती मिळते, असं लोक सांगतात. मला अजून मिळालेली नाही. कोणाच्या दाराशी रिक्षा थांबली की मान आपोआप वर होते. तरी रोज बसते. कधी एखादा क्षण असा येतो की खोलीत मी एकटी नाही असं वाटतं, मग तेही जातं. पोर मला हवी आहे, हे देवाला ठाऊक आहे. मी ते त्याच्यापासून लपवत नाही, आणि तिला मागतही नाही.