एकाच नावाचे सहा रोबोट

स्पर्धेसाठी वर्गातल्या एका मुलीची आणि माझी टीम होती. रोबोटचा सांगाडा तिनं बनवला, मोटारी तिनं बसवल्या, तारा तिनंच जोडल्या. माझ्याकडे एकच काम होतं: लांबून तो कशानं चालवायचा ते ठरवायचं. कॉलेजात मी हुशार समजला जायचो; ही बातमी मीच पसरवली होती.

"विमानं उडवणारे वापरतात तो रिमोट घे," ती म्हणाली. "गर्दीत टिकते तो."

"ब्लूटूथ लावून राहिलो ना. मोबाईलवरून कॉरिडॉरमध्ये कसा पळाला, पाहिलं नाही काय?"

"रविवारी. कुत्रंबी नव्हतं तिथं. बरं, त्याचं नाव अन् कोड तरी बदल. सगळ्या टीमांनी ब्लूटूथ एकाच दुकानातून आणलं आहे. सगळ्यांचं नाव एकच, कोड एक-दोन-तीन-चार."

"कोण येते आपला रोबोट पळवायले?"

पाच मिनिटांचं काम. ती पाच मिनिटं मी आमच्या शहरातल्या तेलीबांध्याच्या तलावावर मित्रांना रोबोटचे व्हिडिओ दाखवण्यात घालवली.

तिच्या बाबांनी साफ सांगितलं होतं, जिंकलीस तर पुढच्या फेरीला पुण्याला जा, हरलीस तर हा नाद सोड आणि बँकेच्या परीक्षेला बस. मला ते ठाऊक होतं. मुद्दाम लिहितो, कारण नंतर कितीतरी जणांना मी ठाऊक नव्हतं म्हणून सांगितलं.

स्पर्धेला हॉल भरला, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. आमचा रोबोट अर्ध्या वाटेत थांबला. ब्लूटूथ तुटलं होतं. पुन्हा जोडायला गेलो तर यादीत एकाच नावाच्या सहा ओळी. मी मोठ्या रुबाबात तिसरी निवडली, कोड टाकला, पुढे जाण्याचं बटण दाबून धरलं. आमचा जागचा हलला नाही. मागच्या टेबलावर आपल्या पाळीची वाट बघणारा अभनपूरच्या पोरांचा रोबोट मात्र निघाला, कडेपर्यंत आला आणि खाली पडला.

आमची वेळ संपली. त्या पोरांची माफी तिनं मागितली, निखळलेलं चाकही तिनंच बसवून दिलं. मी तेव्हा मोबाईलला शिव्या देत होतो.

आमची दोघांची घरं विदर्भातून इथं हिंदी मुलखात आलेली. वर्षभर आम्ही आपल्या मराठीत भांडलो होतो. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "तुह्या बाबाले मी समजावतो."

"रहने दो, भैया," ती म्हणाली.

आता ती बँकेत असते. मागच्या महिन्यात माझा नंबर नेमका तिच्याच खिडकीवर आला. मी मराठीत विचारलं, कशी आहेस. सही कुठे करायची ते तिनं हिंदीत सांगितलं. मी भलत्याच रकान्यात केली. तिनं दुसरा फॉर्म पुढे सरकवला.