फिक्स्चर अण्णांचं, शेकहँड माझा

"सँडल चालत नाही. शूज कंपल्सरी," क्लबच्या दारावरचा माणूस म्हणाला आणि त्याने बोर्डाकडे बोट केलं.

अण्णांनी आपल्या पायांकडे पाहिलं. सँडल नवी होती, शर्ट इस्त्रीचा होता. पण बंद बूट त्यांना चढतच नसे. बंगळूरच्या पीण्या भागातल्या आमच्या कारखान्यातच काही वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या पायावर लोखंडी ठोकळा पडला होता. कारखान्याने मोडलेला पाय कारखान्याच्याच पार्टीत चालत नव्हता.

अण्णा म्हणजे आमच्या टूलरूमचे फोरमन यशवंतराव. बंगळूरजवळच्या आनेकलचं जुनं मराठी घराणं, बोलण्यात मधूनमधून कन्नड; 'बरं'ऐवजी 'सरी'. मी कोल्हापूरहून आलेला नवा इंजिनिअर. तेव्हा, नव्वदच्या दशकात, एका जर्मन कंपनीला आम्ही पंपाची बॉडी पुरवणार होतो. तिची भिंत पातळ. मशीनवर घट्ट आवळली की दबायची, सोडली की भोक अंडाकृती व्हायचं. मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, धरून ठेवणाऱ्या चौकटीला फिक्स्चर म्हणतात. अण्णांनी असं फिक्स्चर बनवलं की दाब भिंतीवर न येता बॉडीच्या तीन जाड कानांवर यायचा. मी फक्त ड्रॉइंग काढलं. ड्रॉइंगवर सही माझी.

त्या कंपनीचा जर्मन पाहुणा त्या संध्याकाळी एकाला जर्मनीतल्या सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी निवडणार होता. आमच्या जनरल मॅनेजरनी, जीएमनी, सांगितलं म्हणून अण्णांनी पासपोर्ट काढून ठेवला होता. रिटायरमेंटला दीड वर्ष उरलं होतं. पुन्हा अशी संधी येणार नव्हती.

जीएम बाहेर आले.

"सर, अण्णांना आत सोडत नाहीत. तुम्ही मॅनेजरशी बोलाल का?"

"क्लबचे रूल्स आहेत, मी काय करू? आणि तू इथे का उभा? गेस्ट विचारतोय."

"मग त्यालाच दोन मिनिटं बाहेर बोलावू."

"गेस्टला गेटवर बोलवायचं? मॅनर्स नावाची काही गोष्ट असते."

अण्णाच मला म्हणाले, "सरी, तू जा रे. मी स्वल्प थांबतो. त्याला माझं नाव सांग, तो येईल बाहेर."

मी आत गेलो. आम्हा नव्या इंजिनिअरांना पार्टीत कसं वागायचं याचं खास ट्रेनिंग दिलं होतं. ग्लास डाव्या हातात धरा, म्हणजे शेकहँडला उजवा कोरडा राहतो. 'मी' म्हणू नका, 'आम्ही' म्हणा. मी सगळं पाळलं.

"ते फिक्स्चर कुणाचं?" पाहुण्याने विचारलं. जीएमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. अण्णांचं नाव माझ्या ओठांवर होतं. जीएमची बोटं जरा आवळली गेली. दाब बरोबर जागी आला.

"इट वॉज अ टीम एफर्ट, सर," मी म्हणालो.

"मुलगा नम्रही आहे," पाहुणा जीएमना म्हणाला.

तासाभराने बाहेर आलो. अण्णा कंपाउंडच्या कट्ट्यावर बसले होते.

"काय म्हणाला?"

"आवडलं त्याला."

"नाव सांगितलंस?"

"आत गर्दी होती, अण्णा."

"सरी," ते उठले. "आनेकलची बस जाईल माझी."

ट्रेनिंगचं पत्र माझ्या नावाने आलं. कॉलेजात समतेची पत्रकं वाटणारा मी, मी ते परत केलं नाही. अण्णांनी मला स्टेशनरी कपाटातून एक वही आणून दिली. "तिथलं सगळं लिहून आण," एवढंच म्हणाले.

जर्मनीत पहिल्याच दिवशी तो पाहुणा आपल्या ड्रॉइंग ऑफिसमधून मला भेटायला आला. पायांत मोजे आणि वर उघड्या सँडल. तिथे बरेच जण तसेच होते. तेव्हा कुठे मी त्याला अण्णांचं नाव सांगितलं.

"मग ते पार्टीला का आले नाहीत?"

"त्यांच्या पायांत सँडल होती," मी म्हणालो. तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

पार्टीत स्वतःचं नाव पुढे करू नये, हे ठीकच आहे. पण दाराबाहेर अडवलेल्या माणसाचं नाव आत न्यायचं असतं. ते नेलं नाही, तर त्या नम्रतेला चोरी म्हणतात.